विश्लेषण : व्यसनमुक्ती समुपदेशक कोणाला म्हणायचे? त्यासाठी शिक्षण कोणते?

व्यसनमुक्ती केंद्राच्या पाटीवर ‘अनुभवी समुपदेशक उपलब्ध’ असे लिहिलेले असते. हा अनुभव कुठे घेतला, शिक्षण किती, हे पाटीवर नसते. घरचेही विचारत नाहीत, कारण माणसाला केंद्रात आणण्यातच त्यांची सगळी ताकद संपलेली असते. डॉक्टर, वकील, औषधनिर्माता यांना आपापल्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. ‘व्यसनमुक्ती समुपदेशक’ या नावाचा स्वतंत्र परवाना मात्र भारतात नाही. त्यामुळे या कामात येऊ पाहणाऱ्याला वाट सापडत नाही आणि कुटुंबाला माणूस पारखता येत नाही.

गरज किती मोठी?

दिल्लीच्या ‘एम्स’मधील राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात आणि त्यांपैकी ५.७ कोटींहून अधिक लोकांना मद्याच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे, असे त्यात आढळले. मद्यावर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची मदत मिळाली होती. ही दरी केवळ मनोविकारतज्ज्ञांच्या बळावर भरून निघणार नाही. ती भरायची तर प्रशिक्षित समुपदेशकच लागतील.

समुपदेशक नेमके काय करतो?

‘दारू वाईट असते, पोराबाळांकडे बघ’ हे सांगायला समुपदेशक लागत नाही. ते घरात रोज ऐकवले जाते आणि त्याचा उपयोग झालेला नसतो. या पेशाच्या परीक्षांमध्ये अमेरिकेत बारा मूलभूत कामे धरली जातात. त्यांत प्राथमिक चाचणी, मूल्यमापन, उपचारांची आखणी, कुटुंबाला माहिती देणे, आणीबाणीत हस्तक्षेप, योग्य ठिकाणी पाठवणे आणि नोंदी ठेवणे ही कामे येतात. प्रत्यक्ष समुपदेशन हे त्या बारांतील एक.

सुरुवात प्रश्नांनी होते. किती, केव्हापासून, शेवटची कधी घेतली? जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ ही चाचणी त्यासाठी जगभर वापरतात. ‘शेवटची कधी घेतली’ हा प्रश्न औपचारिक नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात, भान हरपते, ताप चढतो. या अवस्थेला ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात आणि वेळीच औषधोपचार न झाल्यास ती जिवावर बेतते. अशा माणसाला ‘नाटक करतोय’ म्हणून खोलीत कोंडणारा आणि तातडीने डॉक्टरांना बोलावणारा, यांच्यातला फरक प्रशिक्षणाचा असतो.

बोलण्याचीही पद्धत शिकावी लागते. विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये मांडलेली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह विकसित केलेली ‘प्रेरणात्मक मुलाखत’ आज या क्षेत्राचा पाया मानली जाते. ‘दादा, घेतल्यावर काय बरं वाटतं? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी?’ असे विचारून गप्प बसायचे. बदलाचे कारण समोरच्याच्या तोंडून यायला हवे. ऐकायला सोपे वाटते. पण उपदेशाची सवय असलेल्या आपल्या समाजात हे गप्प बसणेच सर्वात अवघड जाते.

शिक्षणाचे मार्ग कोणते?

रूढ मार्ग दोन. मानसशास्त्रात पदव्युत्तर पदवी किंवा समाजकार्यातील ‘एमएसडब्ल्यू’. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था व निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था ही समाजकार्य शिक्षणातील जुनी नावे. येथे क्षेत्रकार्य अनिवार्य असते आणि व्यसनमुक्ती केंद्रात काम करण्याची संधी त्यातूनच मिळू शकते. ‘चिकित्सा मानसशास्त्रज्ञ’ म्हणवून घ्यायचे असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्यता दिलेला अभ्यासक्रम आणि त्या परिषदेची नोंदणी लागते. साधी एमए पदवी त्यासाठी चालत नाही. ही गल्लत पाट्यांवर सर्रास दिसते.

त्यावर व्यसनमुक्तीचे खास प्रशिक्षण. केंद्र सरकारची राष्ट्रीय सामाजिक संरक्षण संस्था, चेन्नईचे टी. टी. रंगनाथन प्रतिष्ठान आणि पुण्याचे मुक्तांगण यांनी हे काम वर्षानुवर्षे केले आहे. सरकारी अनुदानित केंद्रांत समुपदेशकाकडून सामाजिक शास्त्रांतील पदवी आणि कामाचा अनुभव अपेक्षित असतो. मानधन मात्र जबाबदारीच्या मानाने तुटपुंजे असते आणि चांगली माणसे दोन-तीन वर्षांत कंपन्यांकडे किंवा शाळांकडे वळतात. प्रशिक्षणाच्या चर्चेत हा मुद्दा सोयीस्करपणे बाजूला राहतो.

स्वतः व्यसनातून बाहेर आलेली व्यक्ती समुपदेशक होऊ शकते?

होऊ शकते, आणि अनेक उत्तम कार्यकर्ते असेच घडले आहेत. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये बरे झालेले रुग्णमित्रच पुढे कामाचा कणा बनले. ‘मीही इथेच, याच खाटेवर होतो’ या वाक्याला जे वजन असते, ते कोणत्याही पदवीला येत नाही. सरकारी योजनेतही ‘समवयस्क शिक्षक’ हे पद अशा व्यक्तीसाठी आहे. त्यासाठी काही काळ व्यसनमुक्त राहिलेले असणे आणि प्रशिक्षणाची तयारी अपेक्षित असते.

अडचण सुरू होते ती केवळ स्वानुभवावर केंद्र काढले जाते तेव्हा. आपल्याला जे लागू पडले तेच सर्वांना लागू, अशी ठाम समजूत त्यामागे असते. एकाची दारू मार खाऊन सुटली म्हणून तो इतरांनाही मारतो. देशाच्या अनेक भागांतून अशा केंद्रांतील मारहाणीच्या आणि मृत्यूंच्या बातम्या आल्या आहेत. शिवाय नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाला अहोरात्र व्यसनींच्या सहवासात ठेवणे त्याच्यासाठीही धोक्याचे असते.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला. मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था त्याच्या व्याख्येत येतात. त्यामुळे अशा रुग्णांना दाखल करून उपचार करणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आवश्यक आहे. रुग्णाला साखळीने बांधण्यास आणि एकांतात कोंडण्यास मनाई आहे. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या परिशिष्टात वर्तनविषयक आरोग्य गटात समुपदेशकांचाही समावेश झाला. नोंदणीचे दार त्यामुळे किलकिले झाले आहे.

प्रमाणपत्राला किती महत्त्व द्यावे?

दोन दिवसांच्या ऑनलाइन वर्गानंतरही रंगीत प्रमाणपत्र मिळते. त्यावर तासांचा उल्लेख असतो, पण किती रुग्णांसोबत, कोणाच्या देखरेखीखाली काम केले, याचा नसतो. अमेरिकेतील अनेक राज्ये हजारो तासांचे देखरेखीखालील काम झाल्याशिवाय प्रमाणित करत नाहीत. कोलंबो योजनेने आशिया-आफ्रिकेतील देशांसाठी ‘सार्वत्रिक उपचार अभ्यासक्रम’ तयार केला. त्याला जोडलेली ‘आयकॅप’ ही टप्प्याटप्प्याची परीक्षा भारतीयांनाही देता येते. नोकरीसाठी ती सक्तीची नाही. तरीही पदवीनंतर एखाद्या नोंदणीकृत केंद्रात किमान वर्षभर ज्येष्ठांच्या हाताखाली काम करणे आणि मग अशी परीक्षा देणे, हा आज सर्वात भरवशाचा क्रम वाटतो.

कुटुंबाने काय विचारावे?

केंद्राची नोंदणी दाखवा. डॉक्टर कधी येतात, रात्री फिट आली तर कोणत्या रुग्णालयात नेता? समुपदेशकाचे शिक्षण काय आणि त्यांच्यावर देखरेख कोणाची? पहिल्या आठवड्यानंतर आम्हाला भेटू देणार का? घरच्यांसाठी वेगळे सत्र आहे का? मुक्तांगणचा रुग्णांच्या पत्नींसाठीचा ‘सहचरी’ गट याच विचारातून आला. डिस्चार्जनंतर पाठपुरावा किती महिने? यांतल्या एखाद्या प्रश्नावर केंद्रचालक चिडला, तर रुग्णाला तिथे ठेवण्याची घाई करू नये. कुठे जावे हे ठाऊक नसेल, तर केंद्र सरकारच्या १४४४६ या नि:शुल्क व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारता येते.