बायोडेटा लिहावा बातमीसारखा

आपल्याकडे बायोडेटा हा शब्द घरात शिरतो तो लग्नाच्या निमित्तानं. उंची, वर्ण, रास, मामांचं आडनाव. नोकरीच्या अर्जाची वेळ आली की बरीच मुलं तोच साचा उघडतात आणि त्यातली रास तेवढी काढून टाकतात. वडिलांचा व्यवसाय राहतो, भावंडांची संख्या राहते आणि शेवटी येतं, 'आवड : वाचन, लेखन, प्रवास'. वृत्तपत्राच्या कचेरीत असे अर्ज मी बरीच वर्षं वाचले. आज बोलायचं आहे ते शिरूर आणि दौंड तालुक्यांतून येणाऱ्या अर्जांबद्दल. त्यांत एक गोष्ट हमखास लपलेली असते, ती म्हणजे केलेलं काम.

असं का होतं बघा. तालुक्याच्या गावी पत्रकारितेची सुरुवात होते वार्ताहर म्हणून. मोटारसायकल स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, नेमणुकीचं पत्र बहुधा नाहीच. बाजार समितीची निवडणूक, साखर कारखान्याची सभा, महामार्गावरचा अपघात, सगळं पाठवायचं. मानधन मिळालं तर मिळालं. चार-पाच वर्षं हे करून मुलगा पुण्याला अर्ज करतो, तेव्हा त्याला वाटतं, पत्र नाही म्हणजे अनुभव नाही. मग अनुभवाच्या रकान्यात तो 'नवीन उमेदवार' लिहितो. रानडे इन्स्टिट्यूटमधून शिकून आलेल्याच्या अर्जाशेजारी हा अर्ज पडला की फिका दिसतो. दिसणारच.

तेव्हा शिक्षणाच्याही आधी हे लिहा : कोणत्या दैनिकासाठी, कोणत्या गावाहून, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत बातम्या दिल्या. पुढे 'नेमणूकपत्राशिवाय, बातमीगणिक मानधनावर' असं स्वच्छ नमूद करा. मानधनही नसेल, तर तेही. त्यात कमीपणा तुमच्याकडे येत नाही. मात्र 'विशेष प्रतिनिधी' हे पद आपणच आपल्याला बहाल करू नका, एका फोनवर ते उघडं पडतं. दिवाळी अंकासाठी जाहिराती गोळा केल्या असतील, आणि तालुक्यात त्या कराव्याच लागतात, तर ती ओळ जाहिरात विभागाच्या अर्जात ठेवा. संपादकीय कामासाठी तिचा उपयोग नाही.

मग छापून आलेल्या बातम्या. पन्नास नकोत, पाच निवडा. प्रत्येकीचा मथळा, तारीख आणि तुम्ही नेमकं काय केलं ते एका वाक्यात. समजा, दौंड तालुक्यातली एखादी मुलगी लिहिते, 'पर्यावरण या विषयात रस'. यावरून काय कळणार? तिनंच असं लिहिलं तर? 'मुळा-मुठेच्या दूषित पाण्यावर तीन बातम्या. नदीकाठच्या विहिरी पाहिल्या, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून माहिती अधिकारात पाण्याचे अहवाल मिळवले.' पुण्याचं सांडपाणी घेऊन नदी जिथं खाली येते, तिथं राहणारी ही मुलगी. तिला भेटावं, असं संपादकाला वाटेल. बातमी नावाशिवाय छापली गेली असेल, तर तसं सांगा आणि ती हाताळणाऱ्या उपसंपादकाचं नाव द्या. अर्थात त्याला विचारून.

दुसरं लपवणं असतं गावाचं. पत्त्यात नुसतं 'पुणे', म्हणजे आपण खेड्यातले वाटणार नाही! अहो, तुमचं गाव हीच तर तुमची जमेची बाजू. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, तेव्हा बाहेरून गेलेल्या प्रत्येक बातमीदाराला आधी भाग समजून घ्यावा लागला. शेतीला रात्रीची वीज मिळाली की माणूस अंधारात उसाला पाणी द्यायला निघतो, शिरूर तालुका वन खात्याच्या जुन्नर विभागात मोडतो, हे तिथल्या पोराला सांगावं लागत नाही. दौंडच्या मुलाला रेल्वे जंक्शन, राज्य राखीव पोलीस दल, कुरकुंभचे रासायनिक कारखाने रोजचे. तेव्हा 'ग्रामीण भागाची माहिती' असं मोघम लिहू नका. कोणत्या विषयावर, किती गावांत आणि कोणाकोणाशी तुमचं कामाचं बोलणं आहे ते लिहा.

अचूकपणा तर आलाच. 'रांजणगाव येथे वार्तांकन' असं एखादा लिहितो. कोणतं रांजणगाव? शिरूर तालुक्यात अष्टविनायकातलं रांजणगाव गणपती आहे आणि मुळा-मुठा जिथं भीमेला मिळते तिथलं रांजणगाव सांडसही आहे. ज्याच्या बायोडेटात गावाचं नाव अपुरं, त्याच्या बातमीत ते पुरं येईल हा भरवसा कोणी ठेवायचा? शुद्धलेखन दुसऱ्याकडून तपासून घ्या, स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत. फाइल युनिकोड मराठीत टाइप करून पीडीएफ पाठवा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसती चिन्हं दिसतात आणि कचेरीत ती उलगडायला कोणाला वेळ नसतो. दोन पानं पुष्कळ झाली.

रेडिओसाठी गणित थोडं वेगळं. आकाशवाणीत नैमित्तिक निवेदक व्हायचं तर आवाजाची चाचणी द्यावीच लागते, तिथं कागद तुम्हाला फक्त दारापर्यंत नेतो. दौंडकरांना बारामतीचा सामुदायिक रेडिओ जवळ आहे. तिथं एखादा कार्यक्रम केला असेल, तर त्याचं नाव, विषय आणि ध्वनिमुद्रण जोडा. यूट्यूब वाहिनी चालवत असाल, तर प्रेक्षकांचा आकडा मिरवण्यापेक्षा स्वतः जाऊन केलेली एखादी मुलाखत दाखवा.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. उपसंपादकाची रात्रपाळी मध्यरात्र उलटेपर्यंत चालते. त्या वेळी दौंडला किंवा घोडनदीला परतायचं कसं, हा प्रश्न अर्ज वाचणाऱ्याच्या मनात येतो आणि तो विचारत नाही, अर्ज बाजूला ठेवतो. पुण्यात राहण्याची सोय असेल तर ती ओळ लिहा. नसेल, तर दिवसपाळी किंवा तालुक्यातूनच करायचं काम मागा, आणि ते अर्जाच्या पहिल्या परिच्छेदातच मागा.