दिनविशेष १४ मार्च : बोलायला लागलेला पहिला सिनेमा आज कुणालाच का पाहता येत नाही?

१४ मार्च १९३१, शनिवार. गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमासमोर एवढी गर्दी उसळली, की बंदोबस्ताला पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेल्याचे सांगतात. पडद्यावरची माणसे आज बोलणार होती, गाणार होती. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ त्या दिवशी प्रदर्शित झाला.

पुढच्या पिढ्यांना मात्र त्यातले एक दृश्यही पाहता आलेले नाही. या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

रात्री एकनंतर शूटिंग

इंपीरियल फिल्म कंपनीच्या आर्देशिर इराणी यांनी ‘शो बोट’ हा हॉलिवूडचा बोलपट पाहिला आणि आपणही असा सिनेमा करायचा, असे ठरवले. कथा जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरील नाटकाची होती. अडचण वेगळीच होती. स्टुडिओ रेल्वे रुळांजवळ. दिवसभर गाड्यांचा खडखडाट. आजच्यासारखे ध्वनिरोधक स्टुडिओ तेव्हा नव्हते. त्यामुळे रात्री गाड्या थांबल्या, की साधारण एक ते चारच्या दरम्यान बरेचसे चित्रीकरण उरकले जाई.

‘टॅनार’ यंत्रणेत चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर, एकाच वेळी उतरत. आवाज नंतर भरायची सोय नव्हती. माइक कलाकारांच्या आसपास लपवून ठेवायचे, वादकांनी कॅमेऱ्याच्या नजरेआड बसायचे आणि गायकाने अभिनय करता करताच गायचे. कुणी शिंकले तरी दृश्य पुन्हा! अशी सात गाणी चित्रित झाली. त्यातले फकिराच्या तोंडचे, वझीर मोहम्मद खान यांनी गायलेले गाणे हिंदी चित्रपटातले पहिले गाणे मानले जाते.

नायिका झुबेदा, नायक मास्टर विठ्ठल. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेले विठ्ठल मूकपटांतले मोठे स्टार होते. ते इंपीरियलमध्ये आले म्हणून आधीच्या कंपनीने करारभंगाचा दावा ठोकला. त्यांची बाजू मांडायला उभे राहिलेले वकील होते महंमद अली जीना, आणि दावा विठ्ठल जिंकले. पण कोर्ट जिंकले तरी माइक जिंकता आला नाही. त्यांची उर्दू कच्ची होती. म्हणून त्यांचे पात्र बराच वेळ गुंगीत दाखवून संवाद कमी केले गेले, असे म्हणतात. बोलपटाचा नायक, आणि त्यालाच बोलायची पंचाईत!

पुण्याच्या आगीत जळाला?

सोशल मीडियावर दरवर्षी एक माहिती फिरते : पुण्यात २००३ साली लागलेल्या आगीत ‘आलम आरा’ची शेवटची प्रत जळाली. ८ जानेवारी २००३ रोजी आग लागली होती आणि जुन्या नायट्रेट फिल्म मोठ्या संख्येने नष्ट झाल्या, हे खरे. पण ‘आलम आरा’ त्यात नव्हता. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली पुण्यात सुरू झाले. ते उभे करणारे पी. के. नायर यांनीच स्पष्ट केले होते, की ही प्रत संग्रहालयाच्या हाती कधी लागलीच नाही.

मग गेली कुठे? उत्तर आगीपेक्षा जास्त चटका लावणारे आहे. नायर इराणींच्या घरापर्यंत पोहोचले होते. काही रिळे उरली होती, पण त्यातली चांदी काढून ती निकालात काढली, असे घरातूनच कळल्याचे त्यांनी नंतर मुलाखतीत सांगितले.

तेव्हाच्या फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असे. सिनेमा चालायचा थांबला, की ती रिळे म्हणजे अडगळच. शिवाय नायट्रेट फिल्म चटकन पेट घेते, म्हणून घरात ठेवायचीही भीती. रिळे धुवून चांदी काढायची आणि उरलेले सेल्युलॉइड बांगड्यांसारख्या वस्तूंसाठी विकायचे, हा त्या काळी रीतसर धंदा होता. यात घरच्यांना दोष देणेही अवघड. जुना सिनेमा जपायचा असतो, हे तेव्हा स्टुडिओवाल्यांनाही वाटत नव्हते.

त्याआधी १८ वर्षे, म्हणजे १९१३ साली, गिरगावातच प्रदर्शित झालेल्या दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भाग तरी वाचला. प्रभातचा १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आजही पाहता येतो, त्यातली दुर्गा खोटे यांची तारामती बोलताना ऐकता येते. ‘आलम आरा’ची मात्र छायाचित्रे आणि जाहिराती तेवढ्या उरल्या. मॅजेस्टिकही पाडले गेले; त्या जागी आता शॉपिंग सेंटर आहे.

आणखी एक वस्तू उरली आहे. काही वर्षांपूर्वी मुंबईत साड्या आणि पोशाख भाड्याने देणाऱ्या एका दुकानात एक जुने, अवजड यंत्र सापडले. शिकागोत बनलेल्या या यंत्रावर ‘आलम आरा’च्या प्रती छापल्या गेल्या होत्या. दुकानमालकांच्या कुटुंबाने १९६२ साली ते इराणींकडून अडीच हजार रुपयांना विकत घेतले होते.