खजाना विहीर डॉट एचटीएमएल

'ए-एस-एल प्लीज?' हे वाचून ज्यांच्या ओठांवर हसू आलं, ती मंडळी आपल्याच बॅचची! वय, लिंग, गाव... चॅटरूममधली ओळख ह्याच तीन अक्षरांपासून सुरू व्हायची. पुण्या-मुंबईची पोरं बिनधास्त गावाचं नाव टाकायची. आम्ही 'बीड' टाकलं, की पुढचा प्रश्न ठरलेला, 'हे कुठे आलं?'

बीडमध्ये तेव्हा इंटरनेट म्हणजे सायबर कॅफे. प्लायवूडची केबिन, कळकट की-बोर्ड आणि तासाला तीस रुपये. फोटो वरून खाली, पट्टी-पट्टीने उघडायचा. आणि चॅट ऐन रंगात आलं, की हमखास लाइट जायची! औष्णिक वीज केंद्र आमच्याच जिल्ह्यात, परळीला. तरी लोडशेडिंग आमच्या पाचवीला पुजलेलं. इन्व्हर्टर असलेला कॅफे म्हणजे फाइव्ह स्टार.

पण त्या तासाभरात आम्ही चक्क घर बांधायचो. जिओसिटीजवर फुकट जागा मिळायची, तिथे स्वतःचं होमपेज थाटायचं. सरकणारी अक्षरं, लुकलुकणारे तारे, 'काम चालू आहे'ची पाटी, खाली काउंटर आणि गेस्टबुक. सगळी जत्राच! पण प्रत्येकाची जत्रा वेगळी. मग जानेवारी २००४मध्ये ऑर्कुट आलं आणि पब्लिक तिकडे धावलं. स्क्रॅप, टेस्टिमोनियल, कोण कुणाचा 'फॅन'... कॉलेज कट्ट्याला दुसरा विषयच नाही.

आता ह्यातलं काहीच उरलं नाही. जपान सोडून बाकी जिओसिटीज २००९मध्ये बंद झालं, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला, याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ला.

माझं होमपेज होतं बीडजवळच्या खजाना विहिरीवर. त्याची एक सीडी परवा कपाटात सापडली. फाइल उघडली, आणि पडद्यावर काय? टोप्या घातलेली रोमन अक्षरं, डॉलर, प्रश्नचिन्हं... मराठीचा पत्ताच नाही!

भानगड अशी, की तेव्हाचे बरेचसे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी बसवायचे, आणि तेही प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने. एका फॉन्टमधला 'क' दुसऱ्यात भलतंच काही व्हायचा. फॉन्ट गेला, की मजकूर गेलाच समजा. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला नंबर असतो, म्हणून आजचं मराठी कुठल्याही मोबाइलवर वाचता येतं. शेवटी एका मित्राने त्या फॉन्टचा कन्व्हर्टर शोधून दिला, आणि माझी विहीर पुन्हा मराठीत बोलायला लागली.

खरी विहीर निजामशाहीच्या काळातली, सोळाव्या शतकातली. ती अजून जागेवर आहे. आपलं वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं मराठी मात्र अशाच जुन्या फॉन्टमध्ये कुलूपबंद पडलंय. कविता, लग्नपत्रिका, गावाची माहिती, कॉलेजच्या अंकासाठी टाइप केलेले लेख... सगळं! आणि सीडीसुद्धा जन्मभर टिकत नाही.

तेव्हा दोस्तहो, ह्या रविवारी मल्टिप्लेक्सला दांडी मारा. जुन्या सीड्या, फ्लॉप्या, मेलमधल्या अॅटॅचमेंट बाहेर काढा. फॉन्टचं नाव आठवा, मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि दोन ठिकाणी ठेवा. फ्लॉपी ड्राइव्ह असलेला एखादा काका गल्लीत अजून असेल, तोवरच हे जमेल!