संगणक घरोघरी, लेखांक ४ : घरचे ईमेल खाते घरच्या संगणकात

गेल्या लेखांकात आपण जीमेलचे खाते उघडले. आज ते घरच्या संगणकात बसवायचे आहे. मोबाइलवर ईमेल दिसतोच, मग संगणकात पुन्हा कशाला, असे मांद्रे गावात कोणीही विचारील. याचे उत्तर गावाच्या धंद्यातच आहे.

जुनसवाड्यापासून आश्वेपर्यंत कितीतरी घरांत दोन-चार खोल्या पाहुण्यांना भाड्याने दिल्या जातात. गोव्याच्या १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्यानुसार अशा घराची पर्यटन खात्यात नोंद लागते. परदेशी पाहुणा उतरला, की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते. बुकिंगची पत्रे, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती, सरकारी पोचपावत्या हे सगळे ईमेलच्या एका पत्त्यावर येऊन पडते. तो पत्ता थोरल्या मुलाच्या मोबाइलमध्ये असला आणि मुलगा नोकरीसाठी दुबईला गेला, तर दारात पाहुणा उभा आणि त्याचे कागद समुद्रापलीकडे, अशी पाळी घरच्यांवर येते. म्हणून धंद्याचे ईमेल खाते एका माणसाचे नसावे, घराचे असावे.

विंडोजमधले जुने ‘मेल’ ॲप मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या अखेरीस बंद केले. त्याच्या जागी ‘आउटलुक’ आले आहे. मी मात्र मोझिलाचे ‘थंडरबर्ड’ सुचवीन. ते फुकट आहे, २००४ पासून चालत आले आहे आणि विंडोज व लिनक्स दोन्हींवर चालते. ते थंडरबर्डच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या.

पहिल्यांदा उघडले की ते तुमचे नाव आणि ईमेलचा पत्ता विचारते. नावाच्या जागी घराचे किंवा खोल्यांचे नाव लिहा, कारण पत्र मिळणाऱ्याला तेच दिसते. पुढची जुळणी थंडरबर्ड स्वतःच शोधते. मग गूगलची खिडकी उघडते. पासवर्ड तिथे टाकायचा आणि परवानगी द्यायची. २०२२ पासून गूगलने घरगुती खात्यांसाठी बाहेरच्या प्रोग्रॅमला नुसत्या पासवर्डावर आत घेणे बंद केले आहे, त्यामुळे ही खिडकी आली की घाबरू नका.

मध्ये एक निवड येते : आयमॅप की पॉप? इथे जरा थांबा. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा टेलिफोनवरून डायल करून जोडणी घ्यावी लागे आणि जितका वेळ जोडणी, तितके बिल. पॉपची रीत त्या काळाला साजेशी होती. जोडणी घ्यायची, पत्रे आपल्या संगणकात उतरवायची, सर्व्हरवरची पुसायची आणि जोडणी तोडायची. आजही पॉप निवडला आणि सर्व्हरवर प्रत ठेवण्याची खूण केली नाही, तर मांद्रेच्या संगणकात उतरलेले पत्र दुबईतल्या मुलाला दिसणार नाही. आयमॅप ही मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात रचलेली रीत. तिच्यात मूळ पत्र सर्व्हरवरच राहते. आईने घरी वाचलेले पत्र मुलाच्या मोबाइलवरही ‘वाचलेले’ दिसते, आणि मुलाने दिलेले उत्तर आईला ‘पाठवलेले’मध्ये सापडते. घराच्या खात्याला आयमॅपच हवा.

शिवाय थंडरबर्ड आयमॅपच्या पत्रांची एक प्रत संगणकात ठेवते. पावसाळ्यात इंटरनेट गेले तरी गेल्या मोसमातल्या पाहुण्याचे पत्र उघडून वाचता येते. पण ही प्रत म्हणजे कायमची साठवण नव्हे. मोबाइलवर पत्र पुसले, की संगणकातलेही जाते. जपायची पत्रे ‘लोकल फोल्डर्स’मध्ये उतरवून ठेवा आणि अधूनमधून पेनड्राइव्हवर घ्या.

स्वतःच्या डोमेनचा पत्ता घेतला असेल आणि जुळणी आपोआप सापडली नाही, तर सर्व्हरची नावे सेवा देणाऱ्याकडून मागून घ्या. पोर्ट साधारणपणे येणाऱ्या पत्रांसाठी ९९३ आणि जाणाऱ्यांसाठी ४६५ किंवा ५८७ असतो.

आता कळकळीची गोष्ट. गावात पुष्कळ खाती झेरॉक्सच्या दुकानात बसून उघडली जातात आणि त्यांना मोबाइल नंबर लागतो तो दुकानातल्या मुलाचा. वर्षाने पासवर्ड विसरला, की खाते परत मिळवण्याचा कोड जातो त्याच्याकडे. हा नंबर आजच बदला. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू केली, की गूगल आठ आकडी दहा बॅकअप कोड देते. ते कागदावर उतरवून घराच्या दस्तऐवजांत ठेवा. प्रत्येक कोड एकदाच चालतो.

संगणकालाही पासवर्ड लावा. पाहुण्यांच्या पासपोर्टच्या प्रती म्हणजे परक्या माणसाने विश्वासाने सोपवलेले कागद. घरात येणाजाणाऱ्या कोणालाही ते उघडता येणे बरे नव्हे. काम झाले की त्या प्रती ईमेलमधून काढून टाका आणि ‘ट्रॅश’ही रिकामा करा.

दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल पुसून टाकू शकते. म्हणून मोसम नसला तरी खाते अधूनमधून उघडत जा. पुढच्या लेखांकात बनावट बुकिंगची पत्रे कशी ओळखायची ते पाहू. तोवर खात्यावर कोणाचा नंबर आहे एवढे तपासा, आणि बॅकअप कोड कुठे ठेवलेत ते घरातल्या आणखी एकाला तरी सांगून ठेवा.