स्वारीच्या काळातील दफ्तर: मालवण किनाऱ्यावरील शिवकालीन कारभार

मालवण बंदरासमोरच्या कुरटे बेटावर 25 नोव्हेंबर 1664 रोजी सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ झाला आणि सुमारे तीन वर्षांनी ते तडीस गेले. या मधल्या काळात फेब्रुवारी 1665 मध्ये बसरूरची समुद्रस्वारी झाली, मिर्झाराजे जयसिंगाने पुरंदरास वेढा घातला, जून 1665 च्या तहाने 23 किल्ले मोगलांकडे गेले आणि 1666 मध्ये खुद्द शिवाजी महाराज आग्र्यात नजरकैदेत अडकले. तरीही पाण्यातल्या त्या खडकावर तट चढत राहिला. धनी शेकडो कोसांवर असताना काम थांबत नाही, याचा अर्थ त्यामागे नेमलेली माणसे, त्यांच्या वाटून दिलेल्या जबाबदाऱ्या आणि त्यांच्यावर नजर ठेवणारे दफ्तर उभे होते. तटबंदीचे कौतुक पुष्कळ झाले आहे. या दफ्तराचे त्या मानाने फार थोडे झाले.

राज्याभिषेकाच्या सुमारास या दफ्तराची मध्यवर्ती घडी अशी बसलेली दिसते: मंत्री अथवा वाकनीस राजाची दिनचर्या व खासगी खबरबात सांभाळी, सचिव अथवा सुरनीस निघणारी पत्रे व हिशेब तपासून शुद्ध करी आणि चिटणीस राजाच्या मनातला मजकूर कागदावर उतरवी. किल्ल्यावर हाच विभागणीचा नियम होता. हवालदाराकडे किल्ल्या व एकंदर ताबा, सरनोबताकडे शिबंदी म्हणजे पहाऱ्याचे लोक, सबनिसाकडे हजेरी व जमाखर्च आणि कारखानिसाकडे धान्य, दारूगोळा व इमारतीचे सामान असे. एकाच्या फितुरीने किल्ला शत्रूच्या हाती जाऊ नये, म्हणून एकाचे काम दुसऱ्याच्या नजरेखाली ठेवलेले होते. वंशपरंपरेने चालणाऱ्या वतनाऐवजी वेतन देण्याकडे राज्याचा कल होता, कारण वतनदार आपल्या गावाकडे पाहतो आणि वेतनदार हुकुमाकडे.

परंतु या व्यवस्थेचे खरे अंतरंग उघडते ते पत्रांतून. 9 मे 1674 चे, चिपळूणजवळ हलवर्णाच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकुनांस लिहिलेले पत्र या दृष्टीने अपूर्व आहे. पावसाळा तोंडावर आलेला, घोडदळ छावणीस उतरलेले, आणि राजा सांगतो आहे की दाणा-वैरण आत्ताच मनास येईल तशी उधळली, तर भर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, मग शिपाई कुणब्याच्या घरात शिरून कोणी दाणे आणतील, कोणी भाकर, कोणी गवत, तर कोणी भाजी. आणि असे झाले की रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. त्याच पत्रात रात्री दिवे जळत ठेवू नयेत असे बजावले आहे, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीस आग लागेल आणि सगळी वैरण एका रात्रीत खाक होईल. राज्याविषयीचे लोकमत दरबारच्या दवंडीवर बनत नसून सरकारी शिपायाची सावली ज्या परड्यात पडते तिथे बनते, हे ज्ञान ज्या राज्यकर्त्याला होते, त्याला उंदराच्या तोंडातल्या वातीचा विचार करणे कमीपणाचे वाटले नाही. तथापि हीही गोष्ट विसरता कामा नये, की अशी ताकीद लिहावी लागली ती शिपाई व कारकून कसे वागू शकतात हे ठाऊक असल्यामुळे. या पत्रांतून राज्याचा आदर्श जितका दिसतो तितकीच त्याच्या नोकरांची रोजची ओढही दिसते.

प्रभावळी मामल्याचा, म्हणजे आजच्या लांजा-राजापूर परिसरातील मुलुखाचा, सुभेदार रामाजी अनंत यास 5 सप्टेंबर 1676 रोजी गेलेले पत्र हे रयतेशी बोलावे कसे याचा जणू कित्ताच आहे. सुभेदाराने कचेरीत बसून न राहता गावोगाव फिरावे, कुणबी गोळा करावेत, ज्याच्याकडे माणूसबळ आहे पण बैल वा पोटाला दाणे नाहीत त्याला ते द्यावेत, आणि दिलेले पैसे व्याज न घेता, केवळ मुद्दल, त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू वसूल करावेत, असे त्यात सांगितले आहे; त्यासाठी लाख-दोन लाख लारी, म्हणजे त्या वेळचे किनाऱ्यावरचे नाणे, खर्ची पडली तरी चालेल अशी मोकळीकही आहे.

आता कुडाळकडे वळावे. डिसेंबर 1671 मध्ये तेथील सरसुभेदार नरहरी आनंदराव यास जे पत्र गेले, त्याचा विषय मीठ हा होता. पोर्तुगीजांच्या बारदेशातले मीठ स्वस्त पडते म्हणून व्यापारी तिकडे वळतात आणि संगमेश्वराकडचे मीठ पडून राहते, तेव्हा घाटावर जकात अशी बसवावी की बारदेशचे मीठच महाग पडावे, असा हुकूम होता. मिठागरातला माणूस उपाशी राहिला तर बंदर ओस पडते आणि बंदर ओस पडले तर आरमारास खर्च कोठून, हा हिशेब त्यामागे असला पाहिजे.

नोकरांशी वागताना मात्र या लेखणीला धार येई. पद्मदुर्गावरून जंजिऱ्याच्या सिद्दीशी झुंज चालू असताना दर्यासारंग व दौलतखान या आरमारी सरदारांना नेमून दिलेली रसद वेळेवर पोचली नाही, तेव्हा 18 जानेवारी 1675 च्या पत्रात प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला विचारले गेले, की सिद्दीने तुम्हास काही दिले काय; आणि जात पाहून कोणी मुलाहिजा राखील अशी आशा धरू नये, हेही स्पष्ट कळवले गेले. रसद अडवणारा स्वकीय आणि समोरून तोफ डागणारा शत्रू यांत त्या पत्राने फरक केलेला नाही, आणि युद्धकाळाचा विचार करता हे कठोरपण योग्यच म्हटले पाहिजे.

या अनुभवाचे शास्त्र पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र या राजनीतीवरील ग्रंथात, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, बांधून ठेवले. गडावरचे हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस ठरावीक वर्षांनी बदलावेत, म्हणजे कोणाची मुळे खोल जात नाहीत, असे ते सांगतात. आरमाराचा पगार मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा, बंदरातल्या पैदास्तीवर म्हणजे तिथल्या मिळकतीवर सोपवू नये, कारण तसे केल्यास खलाशी सावकारांना नाडतात आणि सावकारी बुडते, हा त्यांचा निर्णय किनाऱ्याचा व्यवहार जाणणाऱ्या माणसाचा आहे. जहाजांसाठी लाकूड तोडतानाही त्यांनी आंबा-फणसाला हात लावू दिलेला नाही: ही झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडल्यावर तिच्या दुःखास पार राहत नाही, म्हणून एखादे झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेले असेल तरच, धन्याला राजी करून व त्याला पैसे देऊन, ते न्यावे, बलात्कार म्हणजे जबरदस्ती सर्वथा करू नये.