कायद्याच्या शिक्षणाचा दरवाजा : परीक्षा, अर्ज आणि कागदपत्रे

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ साली लंडनच्या ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पुन्हा पैसे जमवून ते १९२० मध्ये लंडनला गेले आणि बॅरिस्टर होऊन १९२३ मध्ये मुंबईस आले. त्या वेळी वकिलीची सनद काढण्यापुरतेही पैसे त्यांच्या हाती नव्हते. त्यांचे पारशी मित्र नवल भथेना यांनी ती अडचण दूर केली. पुढे १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि १९५६ साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू केले. हा इतिहास आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. परंतु त्याच घरातील बारावीच्या मुलाला "वकील व्हायचे तर अर्ज कोठे करायचा?" असे विचारले, तर बहुधा उत्तर मिळत नाही. डॉक्टर-इंजिनिअरची वाट सर्वांना ठाऊक असते, पण कायद्याची वाट विचारीत विचारीतच शोधावी लागते. विहारातील अभ्यासिकेत मुलांचे अर्ज भरताना जे अनुभवास आले, ते येथे मांडीत आहे.

कायद्याच्या शिक्षणाला दोन वाटा आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, किंवा कोणत्याही शाखेची पदवी घेऊन तीन वर्षांचा. पाच वर्षांच्या वाटेवर दोन परीक्षा भेटतात. पहिली महाराष्ट्र शासनाच्या सीईटी कक्षाची विधी सीईटी. ती २०१६ पासून सुरू झाली आणि राज्यातील शासकीय, अनुदानित व खाजगी विधी महाविद्यालयांतील प्रवेश तिच्यावर होतात. दुसरी क्लॅट. ही २००८ पासून घेतली जाते आणि देशातील वीसहून अधिक राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे दरवाजे तिने उघडतात. बंगलोरचे सर्वांत जुने राष्ट्रीय विधी विद्यापीठ यात आहे आणि आपल्या राज्यातील मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील तीन विद्यापीठेही यातच येतात. दिल्लीचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ मात्र स्वतःची वेगळी परीक्षा घेते. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी राज्याची वेगळी सीईटी आहे. तिला पदवीधर बसतात, वयाची अट नाही. नोकरीत असलेले आपले अनेक बांधव चाळिशीनंतर या वाटेने गेले आहेत. त्यांनी एवढेच लक्षात ठेवावे की, बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वर्गात ७० टक्के उपस्थिती लागते. घरी बसून वकील होता येत नाही.

पात्रतेची अट फार कडक नाही. बारावीला अथवा पदवीला खुल्या प्रवर्गास ४५ टक्के आणि अनुसूचित जातीस ४० टक्के गुण लागतात. शाखेचे बंधन नाही. कला शाखेच्या मुलाला येथे कोणी कमी लेखत नाही.

आता परीक्षेकडे वळू. राज्याची सीईटी संगणकावर होते. प्रश्न इंग्रजीबरोबर मराठीतही असतात, वेळ दोन तासांचा असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. म्हणून त्या परीक्षेत एकही प्रश्न कोरा सोडू नये. वेळ संपत आली असेल तर उरलेल्या प्रश्नांना अंदाजाने का होईना, उत्तर द्यावे. क्लॅटचे तसे नाही. ती कागदावर आणि केवळ इंग्रजीत होते. दोन तासांत १२० प्रश्न सोडवायचे असतात. बरोबर उत्तराला एक गुण मिळतो आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो, म्हणजे चार चुका झाल्या की कमावलेला एक गुण गेला. चारांपैकी एक-दोन पर्याय नक्की चूक आहेत एवढे जरी कळले, तरी उरलेल्यांतून निवड करणे फायद्याचे असते. काहीच कळत नसेल तर पुढच्या प्रश्नाकडे जावे. तेथे अडून बसण्यात गुणापेक्षा वेळ जास्त जातो.

क्लॅटमध्ये इंग्रजी, चालू घडामोडी व सामान्यज्ञान, कायदेविषयक तर्क, तर्कशास्त्र आणि थोडे अंकगणित असे पाच भाग असतात. गणिताचा भाग सर्वांत लहान आणि दहावीपर्यंतच्याच पातळीचा असतो. त्याच्या भीतीने कोणी मागे फिरू नये. खरी कसोटी वाचनाची आहे. प्रत्येक भागात उतारा दिलेला असतो आणि प्रश्न त्या उताऱ्यावर येतात. मराठी माध्यमाच्या मुलांची दमछाक कायद्यामुळे होत नाही, ती या वाचनाच्या वेगामुळे होते. दोन महिन्यांच्या शिकवणीने हा वेग येत नाही. अकरावीपासून रोज एका इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख वाचावा. पहिल्यांदा वाचताना शब्दकोश उघडू नये, अर्थ संदर्भावरून लावावा आणि वाचून झाल्यावर त्याचे सार मराठीत तीन ओळींत लिहावे. संविधानाचे एक कलम मराठीत आणि नंतर तेच इंग्रजीत वाचणे हाही उत्तम अभ्यास आहे. कलम १४, १५, १७, २१ आणि ३२ पासून आरंभ करावा. संविधान आपल्या घरात असतेच. कपाटातल्या त्या पुस्तकाचा असा उपयोग होतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

कायदेविषयक तर्काचा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. त्यासाठी कायदा पाठ असावा लागत नाही. एक तत्त्व दिलेले असते, एक प्रसंग दिलेला असतो आणि ते तत्त्व प्रसंगाला लावायचे असते. मी मुलांना नेहमी हे उदाहरण देतो. तत्त्व असे : दुसऱ्याच्या ताब्यातील जमिनीवर परवानगीशिवाय प्रवेश करणे म्हणजे अतिक्रमण होय, जमीन आपलीच आहे असा प्रामाणिक गैरसमज हा त्यावर बचाव ठरत नाही. प्रसंग असा : रामभाऊंना अंधारात बांध ओळखू आला नाही, ते शेजाऱ्याच्या शेतात शिरले आणि काहीही नुकसान न करता परतले. अतिक्रमण झाले काय? पर्याय चार : एक, नाही, कारण हेतू वाईट नव्हता. दोन, नाही, कारण नुकसान झाले नाही. तीन, होय, कारण परवानगी नव्हती आणि गैरसमज हा बचाव नाही. चार, होय, कारण रामभाऊंनी कंदील न्यायला हवा होता.

दहापैकी पाच-सहा मुले पहिला पर्याय निवडतात. रामभाऊ बिचारे, त्यांचे काय चुकले, असे त्यांना वाटते. परंतु दिलेल्या तत्त्वात हेतूचा विचारच नाही आणि नुकसानीची अटही नाही. म्हणून पहिले दोन पर्याय बाद होतात. चौथा पर्याय फसवा आहे. त्याचा निष्कर्ष बरोबर आहे, पण त्यातील कारण तत्त्वात कोठेच नाही. बरोबर उत्तर तिसरे. आपल्या मुलांनी अन्याय जवळून पाहिलेला असतो, त्यामुळे ती मनाने न्याय करू लागतात. परीक्षेत मन थोडे बाजूला ठेवून दिलेल्या शब्दांशी प्रामाणिक राहावे लागते. ही सवय पुढे वकिलीतही उपयोगी पडते, असे वकील मंडळी सांगतात.

चालू घडामोडींसाठी जाडजूड पुस्तके विकत घेण्याची गरज नाही. एक वही करावी आणि दर रविवारी आठवड्यातील घटना, न्यायालयांचे महत्त्वाचे निकाल, नवे कायदे व नेमणुका तीत लिहाव्यात. क्लॅटच्या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या जुन्या व नमुना प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात. चूक झालेला प्रश्न का चुकला, हे लिहून ठेवल्याशिवाय दुसरी प्रश्नपत्रिका घेऊ नये. ज्यांना मोठ्या शहरातील शिकवणीचे शुल्क परवडत नाही, त्यांनी आयडिया या संस्थेची चौकशी करावी. प्रा. शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेली ही संस्था वंचित समाजातील मुलांना या परीक्षेसाठी तयार करते.

वेळापत्रक ध्यानात ठेवावे. क्लॅटचे अर्ज पावसाळ्यात निघतात आणि परीक्षा डिसेंबरच्या आरंभी होते, म्हणजे बारावीच्या बोर्ड परीक्षेच्या आधी. बारावीनंतर पाहू म्हणणाऱ्याचे ते वर्ष गेलेले असते. ही तारीख महापरिनिर्वाण दिनाच्या आगेमागेच येते. २०२५ मध्ये परीक्षा ७ डिसेंबरला, म्हणजे अगदी दुसऱ्याच दिवशी होती. त्या वर्षी परीक्षार्थी मुलाला चैत्यभूमीच्या रांगेत रात्रभर उभे न करता घरी अभ्यास करू दिला, तर बाबासाहेबांना ते आवडले नसते असे मला वाटत नाही. राज्याच्या सीईटीचे अर्ज हिवाळ्यात निघतात आणि परीक्षा उन्हाळ्यात होते.

यापुढचा भाग पालकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. आपली मुले परीक्षेत जितकी अडत नाहीत तितकी कागदपत्रांत अडतात. आपल्या वसाहतीतील एका मुलीचे गुण एका नामांकित महाविद्यालयाला पुरेसे होते. बारावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव एका तऱ्हेने आणि जातीच्या दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेने होते. दुरुस्तीसाठी फेऱ्या मारता मारता प्रवेशाची फेरी संपली. तिने पुढच्या वर्षी प्रवेश घेतला, पण एक वर्ष गेले ते गेलेच.

बौद्धांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर जन्मलेल्या पिढ्यांच्या शाळेच्या दाखल्यावर केवळ 'बौद्ध' अशी नोंद असते. महाराष्ट्राने नवबौद्धांना सवलती आधीपासून दिल्या होत्या, परंतु केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्ध धर्मांतरितांचा समावेश १९९० च्या दुरुस्तीने झाला. जातीचा दाखला देताना मूळ अनुसूचित जात आणि धर्मांतर या दोन्ही गोष्टी नमूद असाव्या लागतात व त्यासाठी वेगळा नमुना आहे. तोच नमुना आहे ना, हे पाहून घ्यावे. राज्याबाहेरील विद्यापीठासाठी केंद्र शासनाच्या नमुन्यातील दाखला काढावा. हा दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मिळतो आणि १० ऑगस्ट १९५० रोजी आपले पूर्वज ज्या जिल्ह्यात राहत होते, तेथूनच तो घ्यावा लागतो. मुंबईत तीन पिढ्या काढलेल्या घरालाही त्यासाठी रत्नागिरी किंवा साताऱ्यास जावे लागते ते यामुळेच.

दाखल्यानंतर पडताळणी येते. जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून वैधता प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज राखीव जागेवरचा प्रवेश पक्का होत नाही. मुदतीत ते सादर झाले नाही तर राखीव जागेवरचा हक्क जातो. या समितीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा पुरावा पाहायचा असतो. आजोबा शाळेत गेले असतील तर शाळेचा प्रवेश उतारा उत्तम. पण आपल्यापैकी किती जणांचे आजोबा शाळेत गेले होते? अशा वेळी तहसील कार्यालयात गावचा जन्म-मृत्यूचा जुना नोंदवह्यांचा दप्तर पाहावा. त्यालाच आपण कोतवाल बुक म्हणतो. त्यातील आजोबांच्या किंवा त्यांच्या भावंडांच्या जन्माची नोंद अनेकांना उपयोगी पडली आहे. चुलते, आत्या किंवा चुलत भाऊ यांच्यापैकी वडिलांकडील कोणाला वैधता मिळालेली असेल, तर वंशावळ व प्रतिज्ञापत्रासह ती जोडावी. काम पुष्कळ सोपे होते. हा अर्ज मूल अकरावीत जाताच तयार करून कनिष्ठ महाविद्यालयामार्फत द्यावा. निकालानंतर धावाधाव करण्यात अर्थ नाही.

महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरताना नावाबरोबर शुल्कही पाहावे. राष्ट्रीय विधी विद्यापीठात वर्षाचा खर्च लाखांत जातो, तर शासकीय वा अनुदानित महाविद्यालयात तो काही हजारांत भागतो. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय, पुण्याचे आय.एल.एस., नागपूर विद्यापीठाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय ही नावे पसंतीच्या यादीत वर ठेवण्यास हरकत नाही. अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि त्याहून अधिक उत्पन्नाच्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना शुल्क प्रतिपूर्ती मिळते. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे असतात. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर ही सवलत मिळत नाही. दलालाच्या नादी लागून असा प्रवेश घेतलेली आणि पहिल्याच वर्षी कर्जात बुडालेली घरे आम्ही पाहिली आहेत. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. तिचा अर्ज समाजकल्याण कार्यालयाच्या सूचनेनुसार वेळेत करावा.

पदवीनंतर सनद काढायची असते आणि अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. सनदेसाठी निरनिराळ्या राज्यांच्या बार कौन्सिल हजारो रुपये घेत असत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यावर बंधन घातले. वकील कायद्यात ठरवून दिलेल्या शुल्कापेक्षा अधिक रक्कम नोंदणीच्या वेळी घेता येणार नाही, असा तो निकाल आहे. त्यानुसार खुल्या प्रवर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये शुल्क आहे. कोणी अधिक मागितल्यास या निकालाची प्रत पुढे ठेवावी. संस्थेच्या अभ्यासिकेत ती ठेवलेली आहे. क्लॅटच्या जुन्या प्रश्नपत्रिका व पडताळणी अर्जाचे नमुनेही तेथे मिळतील. दर रविवारी वंदनेनंतर आम्ही तेथे बसतो. येताना आजोबांच्या गावाचे व तालुक्याचे नाव लिहून आणावे.