क्लचचे पेडल नाही, पण क्लच आहे!

रत्नागिरीतील आमच्या एका शिक्षकमित्रांना जुनी स्पोर्ट्स सेडान घ्यायची होती. गाडी होती 2017 साली भारतात आलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. "हिला क्लचचे पेडलच नाही, मग क्लच झिजणार कसा?" असे त्यांचे म्हणणे. हे कितपत खरे आहे?

आधी गिअर कशासाठी, ते पाहू. इंजिन फार सावकाश फिरले तर बंद पडते. चाकांना मात्र शून्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून दोहोंमध्ये दातेरी चक्रे असतात. समजा, पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या 14 फेऱ्यांमागे चाकाचा एक फेरा होतो. इंजिन मिनिटाला 2800 फेरे घेत असेल, तर चाक 200 फेरे घेईल. चाकाचा परीघ 2 मीटर धरला, तर वेग येतो ताशी 24 किलोमीटर. सहाव्या गिअरमध्ये 2.8 फेऱ्यांना एक फेरा धरल्यास वेग ताशी 120 किलोमीटर होईल. पण चाक फिरवणारा जोर एक पंचमांश उरेल. वेग मिळवायचा तर जोर सोडावा लागतो.

या गाडीत क्लच एक नव्हे, दोन आहेत. एक 1, 3, 5 या गिअरसाठी, दुसरा 2, 4, 6 साठी. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असतानाच तिसरा जुळवून ठेवलेला असतो. एक क्लच सुटत असताना दुसरा पकड घेतो. हे काम पायाऐवजी संगणक करतो, एवढेच. क्लचच्या चकत्या तेलात असतात. घर्षणाची उष्णता तेल वाहून नेते आणि कालांतराने खराब होते. म्हणून ते वेळच्या वेळी बदलावे लागते. चढावर ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली, तर चकत्या घसरत राहून तापतात.

आंबा घाट उतरताना गिअरचे महत्त्व आणखी पटते. 1500 किलोग्रॅमची गाडी 300 मीटर खाली आली, की सुमारे 44 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. सगळी ब्रेकमध्ये गेली, तर ते तापून त्यांची पकड कमी होते. खालचा गिअर हाताने निवडला, तर इंजिनाचा विरोध त्यातला काही वाटा उचलतो.

मित्रांनी विक्रेत्याकडे तेल बदलल्याची पावती मागितली. ती नव्हती. चढावर गाडी सुरू करताना थरथरतही होती. त्यांनी व्यवहार सोडून दिला.

वर्गात गिअरची सायकल उलटी ठेवा. पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती फिरते, ते प्रत्येक गिअरमध्ये विद्यार्थ्यांना मोजू द्या. मोटारीचे निम्मे कोडे तिथेच सुटेल.